रोजकीर्द, खतावणी आणि दहा लाख फायली

संगणकावरील डिरेक्टरी, म्हणजे रोजच्या बोलण्यातील फोल्डर, ही फायली ठेवण्याची एक पेटी असते, ही समजूत पडद्यावरच्या पिवळ्या पाकिटाच्या चित्रामुळे इतकी पक्की झाली आहे की ती तपासून पाहण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. घरच्या संगणकावर दोनशे-चारशे फायली असतात तोवर तिने काही बिघडतही नाही. परंतु लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे असंख्य लोकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या संगणकावर, एकाच डिरेक्टरीत दहा लाख किंवा त्याहून अधिक फायली साचतात, तेव्हा याच समजुतीपायी चांगले जाणते लोकही भलत्याच जागी दुखणे शोधत बसतात. लिनक्सची डिरेक्टरी ही नोंदवही आहे, आणि वहीत लिहायला, वहीतून शोधायला व वही सबंध वाचून काढायला किती श्रम पडतात, हे एकदा ध्यानात आले की मोठ्या डिरेक्टरीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ उघड होते.

ही नोंदवही स्वतःच डिस्कवरची एक फाइल असते आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीत मुख्यतः एखाद्या फायलीचे नाव व त्यापुढे एक क्रमांक, एवढाच मजकूर असतो. हा क्रमांक ‘आयनोड’चा असतो. आयनोड म्हणजे फायलीची खरी ओळख सांगणारे छोटे टिपण होय: फायलीचा आकार किती, मालक कोण, ती कोणाला वाचता-लिहिता येते, शेवटचा बदल कधी झाला आणि तिचा मजकूर डिस्कवरच्या कोणकोणत्या ब्लॉकांत, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांत, ठेवला आहे, हे सारे त्यात असते, नाव तेवढे नसते. मतदारयादीत मतदार राहत नाही, त्याचे नाव आणि क्रमांक राहतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे एकाच फायलीची दोन वेगळ्या डिरेक्टऱ्यांत दोन नावे असू शकतात, आणि फाइल पुसणे म्हणजे यादीतील नावावर काट मारणे. शेवटचे नाव कटले आणि कोणत्याही चालू प्रोग्रामने ती उघडून ठेवलेली नसली, की मग तिची जागा मोकळी होते.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये, १९७० च्या दशकात, ही वही अगदी साधी होती. प्रत्येक नोंद नेमकी १६ बाइटांची असे. त्यांतील २ बाइट आयनोडच्या क्रमांकासाठी आणि १४ नावासाठी, त्यामुळे नाव १४ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे. दोन बाइटांत ६५,५३५ पेक्षा मोठा क्रमांक मावत नाही, म्हणून त्याहून अधिक फायली एका फाइल-व्यवस्थेत, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या एका रचनेत, असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि अशा काळात वही पहिल्या ओळीपासून वाचत जाण्यात कोणाला गैर वाटले नाही. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने नावाची मर्यादा २५५ बाइटांवर नेली व नोंदी लांबीनुसार लहानमोठ्या केल्या. लिनक्सच्या प्रमुख फाइल-व्यवस्थांत हीच मर्यादा आजही टिकून आहे.

लिनक्ससाठी १९९३ मध्ये आलेल्या ‘ईएक्सटी२’ या फाइल-व्यवस्थेनेही वही तशीच, ओळीने वाचायची ठेवली होती. व्यापाऱ्याच्या दुकानात रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरतात, तर खतावणीत प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान असते. एखाद्या गिऱ्हाइकाची उधारी रोजकीर्दीतून काढायची तर पहिल्या पानापासून वाचत यावे लागते, खतावणीत त्याचे पान उघडले की काम झाले. ‘ईएक्सटी२’ची डिरेक्टरी ही रोजकीर्द होती. यातील खरी अडचण शोधण्यापेक्षाही लिहिण्यात होती, कारण नवी फाइल तयार करताना त्याच नावाची फाइल आधीपासून नाही ना, याची खात्री करण्यासाठी प्रत्येक वेळी सबंध वही वाचावी लागे. शंभरावी फाइल लिहिताना ९९ नावे तपासायची, लाखावी लिहिताना ९९,९९९ तपासायची. अशा रीतीने एक लाख फायली तयार होईपर्यंत सुमारे ५०० कोटी नावे ताडून पाहिली जातात आणि दहा लाख फायलींसाठी हाच आकडा ५०,००० कोटींवर जातो. फायली दहापट झाल्या तर कष्ट शंभरपट होतात. पहिले काही महिने सुरळीत चाललेला सर्व्हर पुढे अचानक धापा टाकू लागल्यासारखा वाटे, तो या वर्गाच्या हिशेबाने.

यावर डॅनियल फिलिप्स यांनी २००१ च्या सुमारास जो उपाय मांडला, तो रोजकीर्दीला खतावणीची जोड देण्याचा होता. प्रत्येक नावावर ठरावीक आकडेमोड करून एक संख्या काढायची, तिला ‘हॅश’ म्हणतात. तेच नाव दिले की नेहमी तीच संख्या येते आणि नावात एका अक्षराचा फरक पडला तरी संख्या पार बदलते. नोंदी या संख्येच्या क्रमाने पानांवर वाटून ठेवायच्या आणि कोणत्या संख्येपासून कोणते पान सुरू होते, याची अनुक्रमणिका सर्वांत वर ठेवायची, अशी ही रचना आहे. ४,०९६ बाइटांच्या एका ब्लॉकात अनुक्रमणिकेच्या सुमारे ५०० नोंदी मावतात. तिच्या खाली दुसरी पातळी ठेवली की अडीच लाखांच्या आसपास पाने हाताशी येतात, आणि नावांच्या लांबीनुसार कमीअधिक होत असले तरी एक कोटीच्या घरातील नावे त्यांत सामावतात. हव्या त्या नावाचे पान फार तर तीन ब्लॉक वाचून सापडते, मग डिरेक्टरीत हजार नावे असोत की पन्नास लाख. ही रचना प्रथम ‘ईएक्सटी३’मध्ये आणि पुढे २००८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झालेल्या ‘ईएक्सटी४’मध्ये नेहमीचीच झाली, २०१७ मध्ये हव्या त्यांच्यासाठी तिसऱ्या पातळीचीही सोय झाली. सिलिकॉन ग्राफिक्सने मोठ्या यंत्रांसाठी घडवलेली आणि नंतर लिनक्सवर आलेली ‘एक्सएफएस’ ही फाइल-व्यवस्था तर सुरुवातीपासूनच अशा झाडासारख्या रचनेवर उभी आहे.

असे असूनही मोठ्या डिरेक्टरीपुढे सर्व्हर थबकतो, आणि यातच या विषयाचा गाभा आहे. दहा लाख फायलींच्या डिरेक्टरीतील एक फाइल तिच्या पूर्ण नावानिशी मागितली तर ती क्षणात मिळते; ‘यात काय काय आहे ते दाखव’ असे म्हटले की पडदा गोठतो. खतावणी एका खात्यासाठी असते. सगळी खाती वाचून दाखवायची म्हटली की तिचा काही उपयोग होत नाही.

डिरेक्टरीतील नावे दाखवणारी ‘एलएस’ ही कमांड प्रत्यक्षात काय करते, हे पाहण्यासारखे आहे. ती कर्नलकडून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडून, नावांचे गठ्ठे मागून घेते, परंतु त्यांतील एकही नाव लगेच छापत नाही. सर्व नावे स्मृतीत गोळा करते, त्यांना अकारविल्हे लावते आणि मग पहिली ओळ दाखवते. दहा लाख नावांना क्रम लावण्यासाठी सुमारे दोन कोटी वेळा दोन नावांची तुलना करावी लागते आणि ही तुलना त्या त्या भाषेच्या वर्णक्रमाच्या नियमांनी होत असल्याने ती स्वस्त नसते. त्यातच बहुतेक सर्व्हरांवर ‘एलएस’ला नावे रंगीत दाखवण्याची सूचना आधीच जोडून ठेवलेली असते. फाइल चालवता येण्याजोगी आहे की साधी, यावर रंग ठरतो आणि ते नावावरून कळत नाही. त्यासाठी एकेका फायलीचा आयनोड काढून पाहावा लागतो. नजरेला सुखावणाऱ्या रंगासाठी दहा लाख टिपणे उघडली जात आहेत, याची कल्पना पडद्यासमोर खोळंबलेल्या माणसाला नसते. ‘एलएस’ला कॅपिटल ‘यू’ हा पर्याय दिला की क्रम लावण्याचे काम ती सोडून देते आणि स्मॉल ‘एफ’ दिला की नावे वहीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, लपवलेल्या नावांसह, ओतू लागते. अडकलेल्या सर्व्हरवर किती नावे आहेत ते मोजायचे तर हाच मार्ग धरावा.

आयनोड काढून पाहण्याचे काम का महाग पडते, याचे कारण आणखी खोल आहे आणि ते खतावणीच्या गुणातूनच निघते. फायली तयार होतात तेव्हा त्यांचे आयनोड डिस्कवर बहुधा एकापाठोपाठ एक मांडले जातात, परंतु वहीतील नावे मात्र हॅशच्या क्रमाने विखुरलेली असतात. वही वाचत जाऊन त्या क्रमाने आयनोड मागितले, तर डिस्कवर कधी इकडची तर कधी तिकडची जागा गाठावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीच्या डिस्कवर अशी एक उडी साधारण आठ ते दहा मिलिसेकंद खाते; प्रत्येक आयनोडसाठी एक उडी पडली असे धरल्यास दहा लाखांसाठी १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतील. याउलट २५६ बाइटांचे १६ आयनोड एका ब्लॉकात बसतात, तेव्हा ते क्रमांकाच्या ओळीने वाचले तर ६२,५०० ब्लॉकांत तेच काम होते. म्हणून आधी सगळी नावे घेऊन, त्यांना आयनोडच्या क्रमांकानुसार लावून, मग एकेक फाइल तपासणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर कित्येक पटींनी चपळ ठरतो. चकती नसलेल्या एसएसडीवर हा फरक पुष्कळ आटतो, तरी नाहीसा होत नाही.

तिसरी अडचण डिरेक्टरीची नसून शेलची, म्हणजे टंकलेली कमांड समजून घेणाऱ्या दुभाष्याची आहे. फायली पुसणाऱ्या ‘आरएम’ या कमांडपुढे तारकाचिन्ह दिले की तारका ‘आरएम’पर्यंत पोहोचतच नाही, शेल स्वतः डिरेक्टरी वाचतो, क्रम लावतो, तारकेच्या जागी सगळी नावे लिहितो आणि एवढी लांबलचक ओळ कर्नलच्या हाती देतो. या ओळीला मर्यादा आहे. २००७ पर्यंत ती १२८ किलोबाइट होती; त्यानंतर ती प्रोग्रामला मिळणाऱ्या स्टॅक नावाच्या स्मृतीच्या चौथ्या हिश्श्याइतकी झाली आणि नेहमीच्या ८ मेगाबाइटांच्या स्टॅकवर ती २ मेगाबाइट भरते. तीसेक अक्षरांची नावे असली तर पन्नास-साठ हजारांच्या पुढे ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा निरोप येतो. तो वाचून फायली बिघडल्या, अधिकार गेले किंवा डिस्क खराब झाली, असे तर्क लढवले जातात. वस्तुतः फायलींना धक्काही लागलेला नसतो, ओळ तेवढी लांब झालेली असते. ‘फाइंड’ ही कमांड नावे स्वतःच वाचते आणि वाचता वाचता त्यांचा निकाल लावते, त्यामुळे ही मर्यादा तिला आडवी येत नाही.

इतक्या फायली एका जागी येतात कुठून, याचे उत्तर बहुतेक वेळा कोणी मुद्दाम ठेवल्या म्हणून, असे नसते. वेबसाइटी चालवणाऱ्या पीएचपी भाषेचे सेशन हे याचे नित्याचे उदाहरण आहे. साइटवर आलेल्या माणसाची तात्पुरती ओळख, म्हणजे त्याने लॉगिन केले आहे का, टोपलीत काय टाकले आहे, ही माहिती पीएचपी एका छोट्या फायलीत ठेवते आणि त्या फायलीची खूण कुकीच्या रूपाने त्याच्या ब्राउझरला देते. माणूस पुन्हा येतो तेव्हा खूण दाखवतो आणि जुनी फाइल वापरली जाते. परंतु साइटी धुंडाळत फिरणारे यांत्रिक बॉट सहसा कुकी जपून ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक भेटीला नवी फाइल जन्माला येते. सेकंदाला दोन भेटी धरल्या तर दिवसाला १,७२,८०० आणि आठवड्याला बारा लाख फायली होतात. जुन्या फायली झाडण्याची सोय पीएचपीत आहे. मूळ ठरवणीनुसार २४ मिनिटे न वापरलेली फाइल जुनी समजली जाते, पण ही झाडलोट आलेल्या भेटींपैकी एखाद्या भेटीच्या निमित्ताने होते. सबंध डिरेक्टरी वाचून प्रत्येक फायलीचे वय पाहण्याचे ओझे त्या बिचाऱ्या एका वाचकाच्या विनंतीवर पडते आणि डिरेक्टरी जितकी मोठी तितका त्याचा खोळंबा वाढतो. फायली उपडिरेक्टऱ्यांत विभागून ठेवण्याची सेटिंगही पीएचपीत आहे. मात्र ती वापरली की आपोआप होणारी झाडलोट बंद पडते आणि ती वेळापत्रकानुसार चालणाऱ्या वेगळ्या कामाकडे सोपवावी लागते, ही गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते.

अशा साचण्याचा शेवट एका चमत्कारिक वाटणाऱ्या निरोपाने होतो: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, डिस्कवर जागा उरली नाही. जागा मोजणारी ‘डीएफ’ ही कमांड मात्र डिस्क निम्मी रिकामी दाखवते. येथे संपलेले असतात ते आयनोड. ‘ईएक्सटी४’मध्ये आयनोडांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, मूळ ठरवणीत दर १६,३८४ बाइटांमागे एक आयनोड मिळतो, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कला साधारण साडेपासष्ट लाख. मोठमोठ्या फायली ठेवणाऱ्याला हा साठा कधीच संपणार नाही इतका असतो, पण शे-दोनशे बाइटांच्या फायली ठेवणाऱ्याची डिस्क मजकुराने भरण्याआधी टिपणांनीच भरून जाते. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय दिला की शिल्लक आयनोड दिसतात, आणि सर्व्हरची देखरेख करणाऱ्याने जागेइतकीच या आकड्यावर नजर ठेवली पाहिजे, कारण ही संख्या मागाहून तेवढीच वाढवण्याची सोय ‘ईएक्सटी४’मध्ये नाही, डिस्क वाढवावी लागते किंवा नव्याने फॉरमॅट करावी लागते. ‘एक्सएफएस’ आयनोड लागतील तसे तयार करते, त्यामुळे लहान फायलींच्या राशी जेथे अटळ आहेत तेथे तिची निवड शहाणपणाची ठरते. छोट्या फायलींचा दुसरा खर्चही कमी नाही: २०० बाइटांची फाइलसुद्धा एरवी ४,०९६ बाइटांचा अख्खा ब्लॉक अडवते, म्हणून दहा लाख फायलींत २० कोटी बाइटांचा मजकूर असला तरी जागा ४०० कोटींहून अधिक बाइटांची जाते. रात्रीच्या बॅकअपलाही प्रत्येक फाइल बदलली की नाही हे विचारावेच लागते आणि त्या विचारण्याने सर्व्हरची स्मृती आयनोडांच्या प्रतींनी भरून जाऊन कामाच्या गोष्टी बाहेर ढकलल्या जातात.

उपाय फायली साचण्यापूर्वी करायचा असतो आणि तो जुनाच आहे: एक जाड वही करण्याऐवजी अनेक पातळ वह्या कराव्यात. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलेल्या गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, प्रत्येक वस्तूला ४० चिन्हांचा हॅश हेच नाव मिळते आणि त्यातील पहिल्या दोन चिन्हांची डिरेक्टरी केली जाते. चिन्ह १६ प्रकारचे असल्याने अशा २५६ डिरेक्टऱ्या होतात, आणि त्यातूनही राशी वाढल्या की गिट अनेक वस्तू एका मोठ्या फायलीत बांधून टाकते. वेबपानांच्या प्रती साठवणारा स्क्विड हा प्रोग्राम मूळ ठरवणीत १६ डिरेक्टऱ्या आणि प्रत्येकीत २५६ अशी मांडणी करतो. विकिपीडियामागच्या मीडियाविकी या प्रणालीत चित्राच्या नावाचा हॅश काढून त्याचे पहिले चिन्ह आणि मग पहिली दोन चिन्हे अशा दोन पायऱ्या केल्या जातात. कॉमन्स या विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहातील चित्रे आता निराळ्या प्रकारच्या साठ्यात असली तरी जुनी खूण पत्त्यात टिकून आहे. मराठी विकिपीडियावरील एखाद्या किल्ल्याच्या मूळ छायाचित्राचा पत्ता उघडून पाहिला तर फायलीच्या नावाआधी एक चिन्ह आणि त्यापुढे त्याच चिन्हाने सुरू होणारी जोडी आजही दिसते.

हे विभाजन हॅशवर का करावे, नावाच्या पहिल्या अक्षरांवर का करू नये, हे मराठी नावांइतके दुसऱ्या कशाने स्पष्ट होत नाही. लिनक्सला नाव म्हणजे बाइटांची माळ दिसते आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त आणि र अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे डोळ्यांना चार अक्षरे दिसली तरी बाइट तीस लागतात. २५५ बाइटांची मर्यादा यामुळे देवनागरीत ८५ चिन्हांवर येते आणि सरकारी थाटाची लांब शीर्षके फायलीला देणाऱ्यांना ती खरोखरच आडवी येते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ हाच असतो, आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ एवढाच असू शकतो. अ पासून ह पर्यंतच्या नेहमीच्या सर्व मुळाक्षरांसाठी तो १६४ आहे. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून कोणी पहिल्या दोन बाइटांवर डिरेक्टऱ्या पाडल्या, तर आंब्यापासून हळदीपर्यंत सगळी मराठी नावे एकाच डिरेक्टरीत जाऊन पडतील. देवनागरी आकड्याने किंवा ‘ॲ’ने सुरू होणारी थोडीशी तेवढी शेजारी जातील. आणखी एक धोका ‘ऱ’चा आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हानेही लिहिता येते आणि साधा र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. ‘कोऱ्या पावत्या’ या नावाच्या दोन फायली एकाच डिरेक्टरीत शेजारी शेजारी नांदू शकतात, माणसाला त्या अगदी सारख्या दिसतात आणि लिनक्सला मुळीच नाहीत.

दोन चिन्हांच्या दोन पायऱ्या केल्या तर ६५,५३६ डिरेक्टऱ्या होतात आणि एक कोटी फायली त्यांत वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला दीडशेच्या आसपास येतात. तिसरी पायरी घालण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण मग १ कोटी ६७ लाख डिरेक्टऱ्या होतील, प्रत्येकीला स्वतःचा आयनोड व निदान एक ब्लॉक लागेल आणि एकही फाइल ठेवण्यापूर्वी साठ जीबींहून अधिक जागा रिकाम्या वह्यांतच जाईल. जे काही काळाने फेकायचे आहे, जसे लॉग, पावत्यांच्या प्रती किंवा सेन्सरच्या नोंदी, त्यासाठी मात्र हॅशपेक्षा वर्ष, महिना आणि दिवस अशी मांडणी केव्हाही सरस, कारण एका दिवसाची वही उचलली की त्या दिवसाचे सगळे गेले; दहा लाख फायलींचे वय एकेक करून विचारत बसावे लागत नाही.

ज्यांच्या हाती आधीच भरलेली डिरेक्टरी येते त्यांना प्रथम तिची वही किती जाड झाली आहे ते पाहता येते. ‘एलएस’ला ‘एल’ आणि ‘डी’ हे पर्याय देऊन डिरेक्टरीचेच नाव दिले की ती आतले काही न वाचता वहीचा स्वतःचा आकार सांगते. तो साधारणतः ४,०९६ असतो. तेथे चार-पाच कोटी असा आकडा दिसला तर आत दहा लाखांच्या आसपास नावे आहेत किंवा कधी काळी होती, असे समजावे. ‘कधी काळी’ म्हणण्याचे कारण असे की ‘ईएक्सटी४’ची वही फायली पुसल्याने आखडत नाही, सगळ्या ओळी कटल्या तरी पाने तशीच राहतात आणि रिकाम्या डिरेक्टरीवर चालवलेली ‘एलएस’ही ती सगळी पाने उलटते. पाने कमी करण्याची सोय ‘ई२एफएससीके’ या दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये आहे, पण त्यासाठी फाइल-व्यवस्था वापरातून बाहेर काढावी लागते.

पुसताना ‘फाइंड’ला किती दिवसांपूर्वीच्या फायली हव्यात ती अट आधी द्यावी आणि ‘डिलीट’ हा शब्द सर्वांत शेवटी लिहावा, कारण ‘फाइंड’ आपल्या अटी डावीकडून उजवीकडे क्रमाने पाळते. ‘डिलीट’ आधी आला तर अट तपासण्यापूर्वीच सगळे पुसले जाते. पहिल्या खेपेस ‘डिलीट’च्या जागी ‘प्रिंट’ लिहून यादी पाहून घेण्याची सवय अनुभवी लोक कधी सोडत नाहीत. एकाच वेळी चार ठिकाणांहून पुसायला लावले तर काम चौपट वेगाने होईल, ही आशा फोल ठरते. एका वहीत एका वेळी एकालाच लिहिता येते, म्हणून डिरेक्टरीत बदल करताना कर्नल तिला कुलूप लावतो आणि बाकीचे ताटकळतात. त्याच कुलपापुढे साइटवर आलेल्या माणसांच्या नव्या फायलीही थांबतात, म्हणून पुसण्याचे काम थोडे थोडे, मध्ये उसंत देऊन करावे हे बरे.

डिरेक्टरीतील काहीच ठेवायचे नसेल, तर याहून सोपी वाट आहे. शेजारी नवी रिकामी डिरेक्टरी तयार करायची, तिला जुनीचेच मालक व अधिकार द्यायचे, जुनीचे नाव बदलायचे आणि लगेच नवीला जुने नाव द्यायचे. नाव बदलणे म्हणजे वरच्या वहीतील एक ओळ बदलणे. आत दहा लाख फायली असल्या तरी त्याला क्षणापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि साइट त्याच क्षणापासून नव्या, पातळ वहीत लिहू लागते. मात्र एखाद्या प्रोग्रामने जुनी डिरेक्टरी आधीपासून उघडून धरली असेल तर नाव बदलल्याचे त्याला कळत नाही आणि तो तिच्यातच लिहीत राहतो. म्हणून बाजूला काढलेल्या वहीत नव्या नोंदी पडत नाहीत ना, हे काही मिनिटे पाहून, गरज पडल्यास तो प्रोग्राम पुन्हा सुरू करून, मगच तिच्यावर ‘फाइंड’ सोडला जातो.